दाण्याआधीचा वेळ

एका पेटीत भुकेला पारवा आहे. समोरच्या भिंतीवर चोचीने टोचता येतील अशी दोन बटणं, एक लाल आणि एक हिरवं. लाल टोचलं की दाण्यांची वाटी लगेच समोर येते, पण दोनच सेकंद. हिरवं टोचलं तर आधी चार सेकंद अंधार, आणि मग तीच वाटी चार सेकंद समोर. लाल निवडणाऱ्यालाही खाऊन झाल्यावर सहा सेकंद अंधारात काढावे लागतात. म्हणजे दोन्हीकडे वेळ एकूण आठच सेकंद, आणि हिरव्याकडे खाण्याला दुप्पट अवधी. घाटा कशात आहे ते शाळकरी पोरही सांगेल. पारवा मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी लाल बटणच टोचतो.

हॉवर्ड रॅक्लिन आणि लेनर्ड ग्रीन यांचा हा १९७२ सालचा प्रयोग. तो इथेच संपला असता तर पारवा उतावळा असतो एवढंच कळलं असतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळा कशाला हवी? पण या दोघांनी निवडीच्या आधी आणखी एक पायरी जोडली. सुरुवातीला दोन पांढरी बटणं. उजव्याचा रस्ता काही वेळाने त्या लाल-हिरव्या जोडीकडे जायचा. डाव्याचा रस्ता तेवढ्याच वेळाने नुसत्या हिरव्याकडे, तिथे लाल बटण नसायचंच. मधला वेळ अर्धा सेकंद ठेवला तेव्हा पारव्यांनी उजवी वाट धरली आणि पुढे लालवर चोच मारली. तो वाढवत सोळा सेकंदांपर्यंत नेला तेव्हा बहुतेक पारवे डावीकडे वळले. मोहाची जागाच येणार नाही अशी वाट त्यांनी आपण होऊन निवडली.

या प्रयोगाचं वर्णन बहुतेक ठिकाणी संयम, मोह, आत्मनियंत्रण अशा शब्दांत केलेलं असतं. मूळ लेखाच्या शीर्षकातही आत्मनियंत्रण आहे. मला ती भाषा फसवी वाटते. तोच पारवा सोळा सेकंद आधी विवेकी आणि अर्धा सेकंद आधी अविवेकी असं मानण्यापेक्षा त्याच्या घड्याळाकडे बघावं. दाणा अर्ध्या सेकंदावर आहे की साडेचार सेकंदांवर, हा फरक नऊपट आहे. सोळा सेकंदांवर आहे की वीस, हा फरक किरकोळ. दोन मिनिटांत येतो म्हणालेला रिक्षावाला सात मिनिटांनी उगवला तर आपण कावतो, आणि रात्रभर चाललेली गाडी तीच पाच मिनिटं उशिरा पोचली तर ती आपल्या लक्षातही येत नाही. पारव्याचं घड्याळ असंच प्रमाणात चालतं. वेळेतला फरक पुसट झाला की उरतो दाण्यातला फरक, आणि मग हिरव्याची सरशी होते.

तर या पुस्तकाचा विषय हा आहे. प्राण्यासमोर दोन वाटा असतात, दोन्हीकडे खाणं असतं, पण खाण्यापर्यंतचा वेळ वेगळा असतो. त्या वेळेचा अंदाज प्राणी कसा करतो, आणि त्या अंदाजातून निवड कशी ठरते? गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या प्रयोगांवरून माझी अशी खात्री झाली आहे की ज्याला आपण जनावराचा उतावीळपणा म्हणतो त्यातला बराच भाग स्वभावाचा नसून मोजमापाचा आहे. पुढची सगळी प्रकरणं या ना त्या वाटेने त्याच मुद्द्यापाशी येतात.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवायला हवी. प्राण्यांचं घड्याळ म्हटलं की बहुतेकांना दिवस-रात्रीचं घड्याळ आठवतं. कार्ल फॉन फ्रिश यांची विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग हिने १९२९ मध्ये दाखवलं की मधमाश्यांना रोज ठरावीक वेळी साखरपाणी दिलं तर त्या बरोबर त्याच वेळी हजर होतात. पण दर १९ तासांनी साखरपाणी दिलं तर त्यांना ते जमेना. चोवीस तासांचं चक्र सुटलं की तो हिशेब कोलमडतो. आपण ज्या घड्याळाबद्दल बोलणार आहोत ते वेगळं. ते कुठल्याही क्षणी सुरू करता येतं, थांबवता येतं, पुन्हा शून्यावर आणता येतं, आणि सेकंदांपासून काही तासांपर्यंतचं अंतर त्याला पेलतं.

या दुसऱ्या घड्याळाची चाहूल पाव्हलॉव यांच्या प्रयोगशाळेतच लागली होती. तिथे एका कुत्र्याला दर अर्ध्या तासाने खाणं दिलं जायचं. घंटा नाही, दिवा नाही, काही इशारा नाही. थोड्या दिवसांनी एक पाळी चुकवली, तरी तिसावं मिनिट जवळ आलं तशी त्याच्या तोंडाला लाळ सुटली. घंटेची गोष्ट जगभर झाली, ही मात्र मागे राहिली. पुढे अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांनी पारव्यांना ठरावीक अंतराने दाणा देणं सुरू केलं, तेव्हा नोंदीच्या कागदावर एक विशिष्ट वळण वारंवार उमटू लागलं. दाणा मिळाल्यावर पारवा निवांत असतो, मग हळूहळू टोचू लागतो आणि वेळ भरत आली की सपाटा लावतो. चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७ च्या जाडजूड ग्रंथात अशा वळणांचे आलेख पानोपानी आहेत. स्किनर यांना त्यामागचं घड्याळ शोधण्यात रस नव्हता. डोक्यात काय चाललंय हा प्रश्नच त्यांना नको होता.

तो प्रश्न विचारला जॉन गिबन आणि रसेल चर्च यांच्या पिढीने. त्यांच्या हातातलं हत्यार साधं होतं, आणि ते नीट समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. पेटीत उंदीर, समोर एक दांडा. दिवा लागल्यापासून चाळीस सेकंदांनंतर जो पहिला दाब पडेल त्याला खाणं मिळतं. हे उंदराच्या अंगवळणी पडलं की मधूनच अशा फेऱ्या घालायच्या की दिवा लागतो पण खाणं येतच नाही, आणि दिवा बराच वेळ तसाच ठेवायचा. अशा कोरड्या फेऱ्यांत उंदीर काय करतो? सुरुवातीला तो दांड्याला फारसा शिवत नाही. वीस-पंचवीस सेकंदांनंतर दाबणं वाढतं, चाळीसच्या आसपास सर्वांत जास्त होतं आणि मग उतरतं, कारण वेळ टळून गेल्याचं त्याला कळतं. अनेक फेऱ्यांची सरासरी काढली की एक टेकडी तयार होते आणि तिचा माथा चाळीसवर येतो.

आता हेच अंतर वीस सेकंद ठेवून करा. माथा वीसवर सरकतो, आणि टेकडीची रुंदीही निम्मी होते. दोन्ही टेकड्यांचा आडवा अक्ष आपापल्या अंतराच्या प्रमाणात ताणला तर त्या एकमेकींवर जवळजवळ तंतोतंत बसतात. म्हणजे उंदराची चूक ठरावीक सेकंदांची नसते, टक्क्यांची असते. वजनाच्या अंदाजाबाबत जर्मनीत वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात जे सांगितलं तेच इथे वेळेबाबत दिसलं. गिबन यांनी १९७७ मध्ये यावर जो सिद्धांत मांडला तो या क्षेत्राचा कणा आहे. डोक्यात ठोके पडत राहतात, ते साठतात. खाणं मिळालं की तो साठा स्मृतीत जातो. पुढच्या वेळी चालू साठ्याची स्मृतीतल्या साठ्याशी तुलना होते, आणि ती तुलना वजाबाकीने होत नाही, गुणोत्तराने होते. ठोके खरोखर कुठे पडतात, यावर मेंदूवाल्यांचं अजून एकमत नाही. पण वागणुकीचं वर्णन म्हणून या सिद्धांताला तोड सापडायला फार वेळ लागला, आणि माझ्या मते पुरती अजूनही सापडलेली नाही.

इथून निवडीकडे वळू. निवडीचा अभ्यास वेगळ्या दिशेने येत होता. हार्वर्डमध्ये रिचर्ड हर्नस्टीन यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं की दोन बटणांवर दाणे कमीजास्त प्रमाणात मिळत असतील तर पारव्याचे टोचेही त्याच प्रमाणात वाटले जातात. नंतर जेम्स मेझर यांनी एक सुबक युक्ती काढली. एका बटणावर थोडा दाणा, ठरलेल्या वेळाने. दुसऱ्यावर जास्त दाणा, पण त्याचा उशीर बदलता. पारव्याने जास्तीचा दाणा निवडला की त्याचा उशीर थोडा वाढवायचा, थोडका निवडला की कमी करायचा. दोन्ही बटणं सारखीच निवडली जाऊ लागेपर्यंत हे खालीवर चालू ठेवायचं. मग पारव्याच्या लेखी किती उशीर म्हणजे किती दाणा, हे थेट वाचता येतं. १९८७ मध्ये त्यांनी याचं सूत्र दिलं. दाण्याच्या मापाला, एक अधिक उशिराचा काही पट, एवढ्याने भागायचं. उशीर वाढेल तशी किंमत आधी झपकन पडते आणि मग रेंगाळत उतरते. या सूत्रात जो ‘काही पट’ आहे त्याला आज माणसांच्या अभ्यासातसुद्धा सर्रास अधीरपणाचं माप म्हणतात. तो आकडा स्वभावाचा आहे की घड्याळाचा, हे सूत्र स्वतः सांगत नाही. तरीही त्यावरून माणसांना लेबलं लावली जातात, याची मला थोडी चीड आहे.

घड्याळ आणि निवड यांची गाठ पाडणारा प्रयोग गिबन आणि चर्च यांनीच १९८१ मध्ये केला. पारव्यांवर आणि उंदरांवर दोन्हीकडे. कल्पना अशी. एका बाजूला साठ सेकंदांचं अंतर फेरीच्या सुरुवातीपासूनच चालू झालेलं आहे. दुसऱ्या बाजूला तीस सेकंदांचं अंतर, पण ते निवड केल्यावर पहिल्यापासून सुरू होणार. निवडीची संधी कधी येईल ते आधी कळत नाही. ती दहाव्या सेकंदाला आली तर चालू बाजूला पन्नास सेकंद उरलेत, तेव्हा नवे तीस घेतलेले बरे. ती पंचेचाळिसाव्या सेकंदाला आली तर चालू बाजूला पंधराच उरलेत, मग तिथेच थांबावं. शहाण्याने तिसाव्या सेकंदाच्या सुमारास बाजू बदलावी. प्राण्यांनीही साधारण त्या आसपासच बदलली.

यात किती गोष्टी एकदम घडतात ते पाहा. चालू फेरीत किती वेळ गेला हे माहीत हवं. पूर्ण अंतर किती हे आठवायला हवं. एकातून दुसरं वजा करून जे उरतं ते तिसऱ्या आठवणीशी ताडून पाहायला हवं. पारव्याच्या मेंदूत हे वजाबाकीच्या रूपाने होतं की दुसऱ्या एखाद्या सोप्या मार्गाने, यावर पुढची वीस वर्षं भांडणं झाली. ती भांडणं मी पुस्तकात थोडक्यात आटोपली आहेत. त्यातली बरीचशी आलेख कसा काढायचा यावरची आहेत आणि सामान्य वाचकाला त्यात गोडी वाटणार नाही.

गोडी वाटेल ती स्टार्लिंग पक्ष्यांत. हे आपल्या साळुंकीच्या कुळातले. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्यांनी उतरणारी भोरडी त्यांची जवळची नातलग. ऑक्सफर्डमध्ये अलेहान्द्रो काचेल्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्यांना एक विचित्र निवड दिली. एका बटणाला खाणं नेहमी सारख्याच उशिराने. दुसऱ्याला कधी फार लवकर, कधी फार उशिरा, सरासरी मात्र तीच. पक्षी दुसरं बटण निवडू लागले. मग उशीर सारखा ठेवून खाण्याचं माप बदलतं ठेवलं, एकीकडे नेहमी मध्यम घास आणि दुसरीकडे कधी मोठा, कधी छोटा. इथे त्यांनी बेभरवशाचं बटण टाळलं, नाहीतर त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. वेळेच्या बाबतीत जुगारी, घासाच्या बाबतीत सावध. स्वभावाच्या भाषेत या कोड्याला उत्तर नाही. एकच पक्षी एकाच वेळी धाडसी आणि भित्रा कसा असेल?

घड्याळाच्या भाषेत उत्तर आहे, आणि गिबन, चर्च, फेअरहर्स्ट व काचेल्निक यांनी ते १९८८ मध्ये मांडलं. समजा एका बाजूला नेहमी दहा सेकंद आहेत, दुसरीकडे कधी तीन, कधी सतरा. चूक टक्क्यांत असल्यामुळे तीन सेकंदांची आठवण नेमकी असते, सतरा सेकंदांची पसरट. निवड करताना पक्षी दोन्ही बाजूंच्या साठ्यातून एकेक आठवण उचलतो आणि जी लहान असेल तिकडे जातो. बेभरवशाच्या बाजूची आठवण निम्म्या वेळा तीनची येईल, आणि ती दहाला जवळपास नेहमीच हरवेल. उरलेल्या निम्म्या वेळा सतराची येईल, पण ती इतकी पसरट आहे की तीसुद्धा कधीमधी दहाच्या खाली उतरेल. बेरीज केली की बेभरवशाची बाजू अर्ध्याहून जास्त वेळा जिंकते. घासाचं माप पाहताना मोठी आठवण जिंकते, म्हणून तोच हिशेब उलटा फिरतो. एकाच प्रकारच्या पसरट आठवणीतून दोन उलटे स्वभाव निघाले. हा युक्तिवाद मला या सगळ्या शास्त्रातला सर्वांत देखणा वाटतो. वाचकाने तिथे घाई करू नये, कागदावर दोन टेकड्या काढून पाहाव्यात.

याच स्टार्लिंगांवर डानी ब्रुनर, काचेल्निक आणि गिबन यांनी आणखी एक प्रयोग केला. एका ठिकाणी ठरावीक अंतराने दाणा येत राहतो आणि कधीतरी अचानक बंद होतो. पक्ष्याने किती वेळ वाट पाहून ती जागा सोडावी? दाण्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितकाच त्या प्रमाणात तो जास्त थांबला. ज्याची मोजणी पसरट, त्याला खात्री करून घ्यायला जास्त वेळ लागणारच. २००९ मध्ये फुआत बाल्जी, डेव्हिड फ्रीस्टोन आणि चार्ल्स गॅलिस्टल यांनी उंदीर आणि माणसं दोघांनाही असा डाव दिला की एका जागी लवकर मिळेल, नाही मिळालं तर वेळेवर दुसऱ्या जागी जायला हवं. दोघांनीही बाजू बदलण्याचा क्षण असा निवडला की आपल्या स्वतःच्या घड्याळातली चूक जमेस धरली तर तो जवळजवळ सर्वांत फायद्याचा ठरावा. आपलं घड्याळ किती चुकतं याचाही अंदाज उंदराला असतो, असा याचा अर्थ लावावा लागतो.

मग पहिल्या प्रयोगातला पारवा लाल बटणावर का फसतो? डेव्हिड स्टीफन्स आणि डी. अँडरसन यांनी २००१ मध्ये ब्लू जे पक्ष्यांवरून दिलेलं उत्तर मला पटतं. रानात निवड अशी दोन बटणांची नसते. पक्षी झाडावर असतो, काही खाल्लेलं असतं, आणि प्रश्न एवढाच असतो की इथेच थोडं थांबून आणखी काही मिळतंय का पाहावं, की उडून दुसऱ्या झाडावर जावं. या मांडणीत ‘पुढच्या घासापर्यंत किती वेळ’ एवढंच पाहणारा पक्षी दीर्घकाळातही भरपूर कमावतो. त्याच जे पक्ष्यांना दोन बटणांसमोर बसवलं तर ते लहान घासावर झडप घालतात. झाड सोडण्याच्या रूपात तेच आकडे मांडले तर त्यांची निवड फायद्याच्या जवळ जाते. नियम तोच, फक्त मांडणी बदललेली. दोन बटणांच्या खेळात घासानंतरचा अंधार हा प्रयोगकर्त्याने वेळ समान करण्यासाठी घुसवलेला असतो. रानात अशी शिक्षा कुणी कुणाला देत नाही.

माकडांवरून याला बळकटी मिळाली. टॉमी ब्लँचर्ड, जॉन पिअरसन आणि बेंजामिन हेडन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की माकडं घासानंतरचा वेळ हिशेबात पुरेसा धरत नाहीत. त्या वेळाच्या शेवटी एक छोटा घोट ठेवला, म्हणजे तो वेळ त्यांच्या नजरेत भरेल असं केलं, की त्यांच्या निवडी सुधारल्या. ज्यांना आपण अधीर ठरवलं होतं त्यांना खेळाचा निम्मा नियमच ठाऊक नव्हता.

याचा अर्थ प्राण्याप्राण्यांत फरक नसतो असा नाही. दक्षिण अमेरिकेतली दोन लहानखुरी माकडं, मार्मोसेट आणि टॅमरिन, यांची तुलना जेफ्री स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केली. आत्ता दोन घास की थोड्या वेळाने सहा? मार्मोसेट सरासरी १४ सेकंदांच्या आसपास थांबले, टॅमरिन ८ च्या. कारण त्यांच्या पोटापाण्यात आहे. मार्मोसेट झाडाची साल कुरतडून डिंक पाझरण्याची वाट पाहतात, टॅमरिन किड्यांवर झडप घालतात, आणि किडा कुणासाठी थांबत नाही. पण अंतराचा प्रश्न आला, जवळचं थोडं की लांबचं जास्त, तेव्हा टॅमरिनच लांब जायला तयार झाले. एकूण संयमी किंवा एकूण उतावळा असं काही नसतं, हे इथे चांगलं दिसतं. अलेक्झांड्रा रोसाती आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या कामात चिंपँझी सहा घासांसाठी सुमारे दोन मिनिटं थांबले. खाण्याच्याच निवडीत त्यांनी माणसांना मागे टाकलं. माणसं थांबायला तयार झाली ती समोर पैसा ठेवल्यावर! २०२१ मध्ये तर म्हाकुळाच्या गोतातले कटलफिश आवडत्या जिवंत कोळंबीसाठी दोन मिनिटांपर्यंत थांबलेले दिसले, आणि समोरचं कमी आवडीचं खाणं त्यांनी सोडून दिलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये हे आपल्याकडे शहाणपण मानतात. कटलफिशला ते शिकवायला जाऊ नये.

पेटीबाहेरच्या दोन गोष्टी मला प्रिय आहेत. पहिली कॅनडातल्या रॉकी पर्वतातली. रूफस हमिंगबर्ड हा तीन-चार ग्रॅमचा पक्षी. जोनाथन हेंडरसन, अँड्रू हर्ली, मेलिसा बेटसन आणि सुझन हीली यांनी त्याच्या हद्दीत आठ कृत्रिम फुलं लावली. पक्ष्याने फूल रिकामं केलं की चार फुलांत दहा मिनिटांनी साखरपाणी भरायचं, उरलेल्या चारांत वीस मिनिटांनी. पक्षी येतो, एक फूल पितो, जातो, पुन्हा दुसरंच पितो, मधे प्रतिस्पर्ध्याला हुसकावतो. इतक्या गडबडीतही तो दहा मिनिटांच्या फुलांकडे लवकर आणि वीस मिनिटांच्या फुलांकडे उशिरा परतू लागला. आठ फुलांची आठ वेगळी घड्याळं, आणि प्रत्येक भेटीला त्यातलं एक शून्यावर. हा शोधनिबंध २००६ चा.

दुसरी कॅलिफोर्नियातली. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये स्क्रब जे पक्ष्यांना बर्फाच्या ट्रेमध्ये वाळू भरून दिली. एकीकडे त्यांनी मेणकिडे पुरले, दुसरीकडे शेंगदाणे. किडे जास्त आवडीचे, पण टिकत नाहीत. पुरल्यानंतर चार तासांनी संधी दिली तेव्हा पक्षी किड्यांकडे गेले. १२४ तासांनी दिली तेव्हा, किडे सडतात हे आधी अनुभवलेले पक्षी शेंगदाण्यांकडे वळले. चाचणीआधी सगळं खाणं काढून नवी वाळू भरलेली होती, त्यामुळे वासाने कळलं असेल ही शंकाही उरली नाही. इथे उशीर पुढचा नाही, मागचा आहे, आणि तोही घासाची किंमत ठरवतो.

पेटीतल्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी हवी. या प्रयोगांतल्या पारव्यांचं वजन बहुधा मोकळेपणी खाणाऱ्या पारव्याच्या ८० टक्क्यांवर ठेवलेलं असतं, तसं केल्याशिवाय ते बटणं टोचत बसत नाहीत. अर्धपोटी पाखराच्या निवडीवरून पाखरांबद्दल ठाम काही बोलताना जीभ थोडी आवरावी. जंगलातल्या हमिंगबर्डचे आकडे म्हणूनच मला जास्त मोलाचे वाटतात, कमी नेमके असले तरी.

मेंदूच्या बाजूने आलेलं काम मोठं आहे, पुस्तकात त्याला एकच प्रकरण दिलंय. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांत दाखवलं की इशाऱ्यानंतर रस यायचा तो आला नाही तर डोपामिनच्या पेशींचं काम नेमकं त्याच क्षणी मंदावतं, ज्या क्षणी रस यायला हवा होता. म्हणजे बक्षिसाची अपेक्षा करणाऱ्या पेशींना वेळही माहीत असते. वॉरन मेक आणि इतरांनी दाखवलं की डोपामिन वाढवणारी औषधं दिली की उंदराची ती टेकडी डावीकडे सरकते, जणू त्याचं घड्याळ जोरात धावू लागतं. बक्षीस आणि वेळ यांची गाठ मेंदूतही अशी घट्ट आहे.

शेवटी या पुस्तकातला सर्वांत अलीकडचा आणि सर्वांत वादाचा भाग. कॅन्सस राज्य विद्यापीठात किंबर्ली कर्कपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुमारास उंदरांना आधी नुसती वेळ मोजायची तालीम दिली, ठरावीक अंतराने खाणं, बस. नंतर त्यांच्यासमोर थोडं-लवकर आणि जास्त-उशिरा अशी निवड ठेवली. तालीम झालेले उंदीर उशिराचं जास्त खाणं अधिक वेळा निवडू लागले, आणि ज्यांची वेळेची मोजणी नेमकी होती ते जास्त थांबणारे निघाले. घड्याळ घासून-पुसून लख्ख केलं तर संयम वाढतो, असा याचा सरळ अर्थ होतो. पण जुनी एक नोंद आडवी येते. १९७८ मध्ये मेझर आणि अलेक्झांड्रा लोग यांनी पारव्यांना आधी दोन्ही बटणांवर सारखाच सहा सेकंदांचा उशीर दिला, आणि थोडक्या दाण्याचा उशीर अगदी हळूहळू कमी करत नेला. तेव्हाही ते पारवे जास्तीच्या दाण्याला धरून राहिले. त्यांना वेळ मोजायला कुणी शिकवलं नव्हतं, थांबण्याची सवय मात्र लागली होती. कर्कपॅट्रिक यांच्या उंदरांचंही तेच झालं असेल का? शेवटच्या प्रकरणात दोन्ही बाजू आपापल्या आकड्यांसह मांडल्या आहेत. माझा कल घड्याळाकडे आहे, हे वाचकाने आधीच धरून चालावं.